अनोळखी पार्ट

मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास पिवळा दिवा लागला आणि एल्रॉय वासिंजरने हार्वेस्टर जागच्या जागी उभा केला. त्याची बायको बर्नडेट धान्याचा ट्रक घेऊन शेताच्या कडेला थांबली होती. तिला दिवा दिसला नाही, पण यंत्राचा आवाज खाली आला तसं तिने खिडकीतून मान बाहेर काढली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि छत्तीसही कापण्या तिने याच शेताच्या कडेला ट्रकमध्ये बसून काढल्या होत्या. आवाज कोणता, थांबला कशाने, हे तिला उतरून विचारावं लागत नसे.

गहू असा आला होता की बघत राहावं. आधीची दोन वर्षं कोरडी ठणठणीत गेली होती. गेल्या साली तर ताटं गुडघ्याला लागली नव्हती आणि कापायला डिझेल घालावं की नाही यावर घरात दोन दिवस अबोला होता. यंदा मे महिन्यात पाऊस हवा तेव्हा आला, हवा तेवढाच आला. जूनच्या शेवटी तीनशे वीस एकर गहू पिकून असा उभा होता की वाऱ्याने नुसता खडखड वाजत होता.

जमीन मात्र वासिंजरांची नव्हती. एल्रॉयच्या बापापासून ते ती वाट्याने कसत आले होते. तिसरा हिस्सा मालकिणीचा. मालकीण म्हातारी, भली बाई. ती जानेवारीत गेली, आणि विचिटा शहरात राहणाऱ्या तिच्या मुलांनी मार्चमध्ये पत्र धाडलं. भाषा गोड होती. यंदाचं पीक बघू, आमचा हिस्सा बरा आला तर पुढेही तुम्हीच करा, नाहीतर नदीपलीकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याने जमीन मागून ठेवली आहे. त्या मोठ्याकडे नऊ हार्वेस्टर होते. वासिंजरांकडे एक. पत्र एल्रॉयने एकदाच वाचलं आणि फ्रिजवर चिकटवून ठेवलं, म्हणजे बर्नडेटला ते रोज फ्रिजमधून दूध काढताना वाचावं लागे.

"काय झालं?" तिने ट्रकमधून विचारलं.

"पिवळा लागलाय. कापणीच्या तोंडाचा सेन्सर. दगड उडून लागला असेल."

"मग तसंच ने की ओढत संध्याकाळपर्यंत."

"मशीनचं दुखणं अंगावर काढायचं नसतं, बर्नी." तो आधीच जमिनीवर उताणा झाला होता. "बारा नंबरचा पाना दे."

एल्रॉयचं हे असंच. आसपासच्या वीस मैलांत कुणाचं काही मोडलं की ते त्याच्या शेडमध्ये यायचं. पेरणीयंत्र असो, पाण्याचा पंप असो, चर्चच्या घंटेची मोटर असो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक एका जुन्या गवत बांधायच्या मशीनने खाल्लं होतं, तरी त्या थोट्या बोटाने तो अंधारात नट चाचपून कितीचा आहे ते सांगायचा. लोक पैसे विचारायचे, तो म्हणायचा, बघू कापणीनंतर. मग कापणीनंतर कुणी डुकराचं मांस आणून द्यायचं, कुणी नुसतंच हात हलवून जायचं. त्यावर बर्नडेट कुरकुरायची खरी, पण चर्चमध्ये लोक नवऱ्याला वाट काढून देतात हे तिला आवडायचंही.

तुटलेला सेन्सर त्याने पंधरा मिनिटांत काढला. तसाच दुसरा त्याच्याकडे होता. दोन वर्षांपूर्वी एक जळालेला हार्वेस्टर भंगारात निघाला होता, अगदी याच बनावटीचा, आणि एल्रॉयने त्याचे न जळालेले भाग काढून, पुसून, फडक्यात गुंडाळून नावं घालून ठेवले होते. बर्नडेट घरी जाऊन तो घेऊन आली. त्याने बसवला, वायर जोडली, चिकटपट्टीने नीट बांधली, आणि उठताना कंबर धरून हसला. त्याच्या भुवयांत भुसा अडकला होता.

"चाळीस मिनिटं," तो म्हणाला. "कंपनीच्या दुकानातले आले असते तर नुसती गाडी लावायला एवढा वेळ घेतला असता."

तो वर चढला. चावी फिरली. इंजिन लागलं, पण पुढचं कापणीचं तोंड फिरेना. यंत्र चाललं, तेही म्हाताऱ्या माणसाच्या चालीने. एल्रॉय केबिनमध्ये वाकून पडद्याकडे बघत राहिला, इतका वेळ की बर्नडेट शिडी चढून दारात गेली.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, ओळखत नाही."

"तुला?"

"मला कशाला ओळखेल? पार्टला. अनोळखी पार्ट म्हणे. दुकानाशी संपर्क साधा." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. लाल चौकोनात तेवढीच दोन वाक्यं होती. "त्यांचाच पार्ट आहे गं. त्यांचाच शिक्का आहे त्याच्यावर."

फोन बर्नडेटने लावला, कारण फोनवर एल्रॉय आधी लाजायचा आणि मग एकदम ओरडायचा. सत्तावीस मिनिटं तिने कानाला लावून एकच वाद्यसंगीत ऐकलं. मग शेली नावाची एक बाई आली. आवाजाने बरी वाटली.

"पार्ट बरोबर आहे, फक्त तो तुमच्या मशीनला कळवायला हवा," शेली म्हणाली. "आमचा माणूस लॅपटॉप लावेल, की झालं. सहा-सात मिनिटांचं काम."

"मग पाठवा ना."

"गुरुवारी दुपारी. सध्या सगळ्यांचीच कापणी आहे, मॅडम. आमच्याकडे लॅपटॉपवाले दोघेच आहेत."

"आज मंगळवार आहे. फोनवर सांगा काय दाबायचं ते. माझा नवरा दाबेल. तो तुमच्या दोघांपेक्षा…"

"ते माझ्या हातात नाही. तो प्रोग्रॅम ग्राहकाला देत नाहीत."

"विकतसुद्धा?"

"विकतसुद्धा नाही."

बर्नडेटने श्वास घेतला. "हे बघा, मशीनचे पैसे आम्ही एकरकमी मोजलेत. माझ्या वडिलांची ऐंशी एकर विकून घेतलंय ते. कागद माझ्या कपाटात आहे. मशीन आमचं आहे."

"मशीन तुमचंच आहे, मॅडम," शेली समजुतीने म्हणाली. "त्याच्या आतला प्रोग्रॅम कंपनीचा आहे. तो वापरायची तुम्हाला परवानगी आहे."

"आणि आम्ही ती कधी मागितली?"

"पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा अटी मान्य झाल्या, असं धरतात."

बर्नडेटने फोन ठेवला तेव्हा एल्रॉय तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने सगळं सांगितलं, फक्त 'परवानगी' हा शब्द गाळला. छत्तीस वर्षांत नवऱ्याला काय सांगायचं आणि काय नाही हे तिला कळत आलं होतं, आणि हा शब्द त्याला सहन झाला नसता.

बुधवारी तो उजाडायच्या आत शेतात गेला. त्याने बॅटरी काढून ठेवली, तासाभराने परत लावली. जुना तुटलेला सेन्सर वायरने जोडून परत बसवून पाहिला. लाल चौकोन हलला नाही. एकदा यंत्राने कुणावर अविश्वास धरला की जुना ओळखीचाही त्याला नकोसा होत होता. दहाच्या सुमारास बर्नडेट गेली तेव्हा तो सावलीत बसला होता आणि दोन्ही हात मांड्यांवर उताणे ठेवले होते. त्याचे हात असे रिकामे तिने फक्त त्याच्या बापाच्या दफनाच्या दिवशी पाहिले होते.

गहू वाळून खडखडीत झाला होता. चालताना पँटला घासून दाणे गळत होते. आकाश पांढरं होतं, वारा दक्षिणेचा, गरम, आणि रेडिओवरचा माणूस संध्याकाळी गारांची शक्यता आहे असं, कुणाचा तरी वाढदिवस असल्याच्या सुरात सांगत होता.

"गिल्बर्टला विचारू या?" बर्नडेट म्हणाली.

गिल्बर्ट रोम शेजारी. शेजारी म्हणजे दोन मैलांवर. त्याच्याकडे जुना हार्वेस्टर होता, पडदा नसलेला, आणि तो आजवर चालला होता तो एल्रॉयच्या हातामुळे.

"काय विचारणार? त्याला म्हणू, माझं मशीन मला ओळखत नाही?"

"म्हणू, मोडलंय."

"मोडलेलं नाहीये ते!" एल्रॉय ओरडला, आणि लगेच डोळे खाली केले. "मोडलं असतं तर मी दुरुस्त केलं असतं."

त्या मुलुखात मदत मागत नाहीत. कुणी मेलं, कुणाला हॉस्पिटलात टाकलं, तर न बोलावता आठ-दहा हार्वेस्टर शेतात उतरतात, बायका टेबलं मांडतात आणि एका दिवसात शेत मोकळं करतात. पण त्यासाठी मरण किंवा मोठं आजारपण लागतं. धडधाकट माणसाने बांधावर उभं राहून शेजाऱ्याला हाक मारायची, हे बर्नडेटने कधी पाहिलं नव्हतं. शेजारी स्वतःहून येतो, काहीतरी आडून विचारतो, आणि दुसऱ्याने त्या आडून विचारण्यातच हो म्हणायचं असतं.

आणि गिल्बर्ट आलाच. दुपारी एकला ती बीरॉक घेऊन शेतात उभी होती, कोबी आणि मांस भरलेले पाव, फडक्यात गरम बांधलेले. रस्त्यावर धुळीचा लोट दिसला आणि गिल्बर्टचा पिकअप थांबला. तो खाली उतरला नाही. काच खाली करून कोपर बाहेर काढलं.

"काय रे, एल्रॉय?"

"चाललंय."

"उभा दिसतोय तुझा घोडा."

एल्रॉयने टोपी मागे सारली. बर्नडेटला त्याच्या मानेची शीर दिसत होती. "खालच्या पट्ट्यात ओल आहे अजून," तो म्हणाला. "उगीच ओला कापून काय करायचं? जरा वाळू देतोय."

"ओल आहे?" गिल्बर्टने गव्हाकडे पाहिलं. "माझा तर कडकडीत झाला. आज पाचपर्यंत आटपतोय मी."

"बरं झालं."

"आटपलं की मोकळाच आहे. उद्या सकाळी मशीन जावयाकडे न्यायचंय, तोवर."

"बरं आहे, बाबा. सुटलास."

गिल्बर्ट थोडा वेळ थांबला. जरा जास्तच थांबला. मग त्याने बर्नडेटकडे पाहिलं. आता बोलायची वेळ तिची होती. फक्त एवढंच म्हणायचं होतं, गिल्बर्ट, जेवायला ये संध्याकाळी. तो समजला असता आणि पाच वाजता हार्वेस्टर घेऊनच आला असता. शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण एल्रॉयने मान वळवली नव्हती आणि त्याचे कान लाल झाले होते. ज्याने अख्ख्या गावाची यंत्रं चालवली, त्याचं खोटं तिने त्याच्यासमोर, गिल्बर्टसमोर उघडं करायचं, हे तिच्याने झालं नाही.

"बीरॉक घेऊन जा दोन," ती म्हणाली.

गिल्बर्टने दोन घेतले, मान हलवली आणि गेला.

"ओल आहे म्हणे," धूळ बसल्यावर ती म्हणाली. "लाज नाही वाटत?"

"वाटते ना," एल्रॉय म्हणाला. "म्हणून तर म्हणालो." बीरॉक त्याने हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला.

सातला वारा पडला. पश्चिमेकडे आकाश आधी निळं-काळं झालं आणि मग खालून हिरवं. त्या हिरव्याचा अर्थ गारा, हे तिकडे शेंबड्या पोरालाही कळतं. एल्रॉय शेतातून घरी आला नाही, म्हणून बर्नडेट पिकअप घेऊन त्याला आणायला गेली. तो केबिनमध्ये बसून पुन्हा पुन्हा चावी फिरवत होता. इंजिन लागायचं, लाल चौकोन यायचा, तो बंद करायचा. परत फिरवायचा. तिने त्याचं मनगट धरलं तेव्हा ते घामाने निसटत होतं.

"चल आता."

"एकदाच, बर्नी. एकदा मनावर घेतलं ना त्याने, तर वरचा पट्टा तरी…"

"त्याला मन नाही, एल्रॉय. चल."

शेडच्या दारात ते उभे होते तेव्हा पहिली गार पत्र्यावर पडली. मग दुसरी. मग आवाज असा झाला की बोलून उपयोग नव्हता. गारा अक्रोडाएवढ्या होत्या, काही त्याहून मोठ्या. पाऊस थोडा आणि गारा फार. अंगणातली कोंबड्यांची भांडी उलटीपालटी झाली, पिकअपच्या टपावर पोचे पडले. शेत पांढऱ्या पडद्याआड गेलं. एल्रॉय एक पाऊल बाहेर पडला. एक गार त्याच्या खांद्यावर बसली, तरी तो मागे आला नाही. बर्नडेटने शर्टाला धरून त्याला आत ओढलं, लहान मुलाला ओढावं तसं, आणि त्यानेही ओढू दिलं. अकरा मिनिटं चाललं ते. मग मावळतीचं ऊन पडलं.

ते चालत शेतापर्यंत गेले. सगळीकडे नुकत्याच कापलेल्या गवताचा वास सुटला होता. ताटं मोडून चिखलात दाबली गेली होती, कणसं रिकामी, दाणे गारांबरोबर जमिनीवर मिसळलेले. मंगळवारी कापलेले चाळीस एकर आणि हे न कापलेले दोनशे ऐंशी, दोन्ही आता सारखेच दिसत होते. मधोमध हार्वेस्टर उभा होता, धुऊन निघालेला, हिरवागार, त्याच्या काचेवर ओरखडासुद्धा नव्हता. बर्नडेटला रडू आलं आणि ती रडली. एल्रॉय रडला नाही. तो चालत चालत एकेका जागी वाकत होता, एखादं उभं राहिलेलं कणीस शोधत होता आणि हातात गोळा करत होता. घरी येईपर्यंत त्याच्या हातात सात-आठ कणसं झाली होती. ती त्याने पिकअपच्या सीटवर ठेवली.

गुरुवारी सकाळी गिल्बर्ट आला. या वेळी तो उतरला. गारा त्याच्या शेतावरही पडल्या होत्या, पण शेत मोकळं होतं. तो दोघांच्या पुढे चालत गेला, हार्वेस्टरपाशी थांबला. खालची झाकणं उघडी होती, वायरी लोंबत होत्या, जुना सेन्सर फडक्यावर ठेवलेला होता. गिल्बर्टने ते सगळं बघितलं. मग अंगणात परत येऊन त्यांच्या पिकअपच्या सीटवरच्या एका कणसातून दाणा काढून त्याने दाढेखाली धरला आणि चावला. कट्कन आवाज आला. गारा पडून गेल्यावरही दाणा असा वाजला, म्हणजे काल ओल नव्हतीच.

त्याने एल्रॉयकडे पाहिलं नाही, बर्नडेटकडे पाहिलं. "मी पाचला मोकळा होतो," तो म्हणाला. "सांगितलं होतं ना मी."

"हो," बर्नडेट म्हणाली.

तिने मान खाली घातली. नवऱ्याची लाज राखायला गेले आणि वाचला असता तोही गहू घालवला, असं तिला वाटलं, आणि हे ती आता कुणालाच सांगू शकणार नव्हती, एल्रॉयला तर नाहीच. गिल्बर्टने टोपीला हात लावला आणि तो गेला.

दुपारी दोनला कंपनीच्या दुकानाची पांढरी गाडी आली. ट्रेंट नावाचा तिशीचा माणूस उतरला, स्वच्छ शर्ट, काखेत लॅपटॉप. शेत बघून तो गाडीच्या दारातच थबकला.

"अरे देवा," तो म्हणाला. "मिस्टर वासिंजर, मला कुणी सांगितलं नाही."

"तू आलास ना. लाव," एल्रॉय म्हणाला.

ट्रेंटने वायर लावली. बर्नडेट घड्याळाकडे बघत होती. सहा मिनिटं लागली. मधे तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पार्ट छान बसवलाय. आम्हीही असाच बसवला असता." मग जरा वेळाने, पडद्यावरून मान वर न करता, "पण खरं म्हणजे पिवळ्या दिव्यावर चालतं ते. हळू चालतं, पण दोन दिवस काढता आले असते. पार्ट बदलला नसतात तर…" तिथे त्याच्या लक्षात आलं आणि तो भराभर बटणं दाबायला लागला.

एल्रॉय ऐकून घेत होता. फक्त थोट्या बोटाने तो आपल्याच पँटची शिवण चाचपत होता.

लाल चौकोन गेला. पडदा हिरवा झाला.

"एक राहिलंय," ट्रेंट ओशाळून म्हणाला. "नवा पार्ट नोंदवला की चारशे फूट कापणी करून दाखवावी लागते. कापणीचं तोंड खाली, पूर्ण वेगात. नाहीतर चोवीस तासांनी परत बंद पडतं. मी चालवू का?"

"नको," एल्रॉय म्हणाला. "मला येतं."

तो शिडी चढला. वरचा पट्टा उन्हाने सुकला होता. यंत्राने पहिल्याच फटक्यात आवाज धरला, पुढचं तोंड खाली आलं, फिरायला लागलं, आणि एल्रॉय त्या मोडक्या ताटांवरून सरळ रेषेत निघाला. तोंडात काहीच जात नव्हतं. मागून थोडा भुसा आणि चिखलाचे खडे उडत होते. इतका सुरेख आवाज त्या यंत्राने विकत आणलं त्या दिवसानंतर केला नव्हता.

ट्रेंट फूट मोजत होता. "झाले चारशे," तो म्हणाला आणि हात हलवला. हार्वेस्टर थांबला नाही. पाचशे झाले, हजार झाले. शेताच्या टोकाला एल्रॉयने वळण घेतलं, रीतसर, शेजारची पट्टी धरली, एक वीतही न सोडता, आणि परत यायला लागला.

"मॅडम, पुरे झालं ते. नोंद झाली. त्यांना सांगा ना थांबायला."

"तूच सांग," बर्नडेट म्हणाली. "तुमचं मशीन आहे."

ट्रेंटने तिच्याकडे पाहिलं, मग शेताकडे. तो सांगायला गेला नाही. कागदावर सही हवी होती, ती बर्नडेटने बॉनेटवर ठेवून केली. काम समाधानकारक झालं असं त्यावर छापलेलं होतं. पांढरी गाडी निघून गेली. एल्रॉय पट्टीमागून पट्टी घेत राहिला, आणि दिवस मावळायच्या आत त्याने दोनशे ऐंशी एकरांतला जेवढा कापता आला तेवढा रिकामा पट्टा कापून काढला.